नाव घालून मिळेल

उज्वलाबाई बिराजदार यांच्या फोनवर तो निरोप आला तेव्हा त्यांचे दोन्ही हात चिंचेच्या कोळाने बरबटलेले होते. समोर पितळेचं तपेलं उपडं पडलेलं, अर्धं काळं, अर्धं लखलखीत. फोन वाजला की हातातलं टाकून त्याच्याकडे धावायचं, ही खोड त्यांना नव्हती. तपेलं पुरतं घासून, धुऊन, कोरडं करून उन्हात ठेवलं, आणि मगच चष्मा लावून त्यांनी वाचलं.

जुन्या वस्तू विकण्याच्या ॲपवरून लिहून आलं होतं, की आपल्या खात्यावरची विक्री पाहता आपण खासगी विक्रेत्या नसून व्यावसायिक विक्रेत्या असल्याचा संशय आहे. सात दिवसांत खुलासा करावा. न केल्यास खातं बंद करण्यात येईल.

संशय! बाहत्तर वर्षांत त्यांच्यावर संशय घ्यायची हिंमत सासूनेही केली नव्हती, आणि सासू काही गरीब गाय नव्हती.

हे खासगी आणि व्यावसायिक प्रकरण काय आहे ते आधी सांगून टाकावं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या ॲपवर विकणाऱ्यांच्या दोन जाती. आपल्या घरातली वापरलेली वस्तू विकतो तो खासगी. त्याला नोंदणी नको, दुकान नको, विकलेली वस्तू परत घ्यायचं बंधन नको. त्याच्या नावाखाली हिरव्या अक्षरांत ‘खासगी’ असं येतं आणि लोक डोळे मिटून विकत घेतात. विकण्यासाठीच माल जमवतो किंवा दुसऱ्याचा माल विकतो, तो व्यावसायिक. त्याने नोंदणी करायची, दुकानाचं नाव-पत्ता जगाला दाखवायचा, पाटीचा फोटो द्यायचा, आणि गिऱ्हाइकाला पसंत पडलं नाही तर सात दिवसांच्या आत मुकाट माल परत घ्यायचा. नियम वाईट नाही. दुकानदाराने घरगुतीपणाचं सोंग घेऊन लोकांना गंडवू नये, एवढाच त्याचा अर्थ. उज्वलाबाई बी.कॉम. होत्या, त्यांना तो पहिल्या वाचनात कळला आणि पटलाही. फक्त आपण त्यात कुठे आलो, हे कळेना.

नांदेडच्या भाग्यनगरातलं ते घर पंचाक्षरी सरांनी बांधलेलं. सर म्हणजे उज्वलाबाईंचे यजमान. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले, चार वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा हरिओम लातूरला कॉलेजात प्राध्यापक. सून चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात पितळेला जागा नाही, आणि का असावी? कल्हईवाला शोधायचा कुठे? तेव्हा माळ्यावरची भांडी काढून टाकायची असं उज्वलाबाईंनी दीड वर्षापूर्वी एका सकाळी ठरवलं आणि त्याच सकाळी भंगारवाल्याला हाक मारली. ठरवणं आणि करणं यांत त्या अंतर ठेवत नसत.

भंगारवाल्याने पहिलंच घंगाळ काट्यावर चढवलं आणि म्हणाला, नाव घातलेल्या भांड्याला भाव कमी, अम्मा, घासून काढावं लागतं. असं म्हणत त्याने घंगाळाच्या काठावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. ते नाव गुरुबसव्वांचं होतं, उज्वलाबाईंच्या वडिलांच्या आत्याचं. उज्वलाबाईंनी घंगाळ काट्यावरून उतरवलं, भंगारवाल्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं.

मग समोरच्या सौदामिनीबाईंनी त्यांना ॲप दाखवलं. सौदामिनीबाई बँकेतून निवृत्त, जिभेने तिखट, मनाने बऱ्या. फोटो कसा काढायचा, मजकूर कसा भरायचा हे उज्वलाबाई एका दुपारी शिकल्या. पहिलं पातेलं पुण्याच्या एका नवराबायकोंनी घेतलं. त्यांनी सहज लिहिलं होतं, यावर आमचंही नाव असतं तर किती छान. उज्वलाबाईंनी शिवणाच्या पेटीच्या तळातून वडिलांची छिन्नी आणि लहान हातोडी काढली आणि जुन्या नावाखाली, बारीक ठिपक्यांत, त्या दोघांची नावं ठोकली. पन्नास वर्षांनी हातोडी हातात घेतली होती, तरी ओळ वाकडी गेली नाही. त्यानंतर प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी त्या लिहू लागल्या: नाव घालून मिळेल.

आणखी एक. भांडं मोकळं द्यायचं नाही, ही निलंग्याकडची रीत. प्रत्येक पार्सलात मूठभर तूरडाळ पुरचुंडीत बांधून जायची. मुंबईच्या एकाने विचारलं, की ही डाळ फुटू नये म्हणून घातली आहे का. उज्वलाबाईंनी उत्तर पाठवलं, पितळ फुटत नाही, डाळ शिजवून खा.

हे गल्लीत कळायला कितीसा वेळ? आधी सौदामिनीबाईंनी आपला पितळी समई-जोड आणून दिला. मग शेजारच्यांचा हंडा आला, मागच्या गल्लीतून परात आली. चतुराबाई बारा वर्षं उज्वलाबाईंकडे धुणंभांडी करतात. हदगावकडच्या, तिकडे दीर कापूस करतो. त्यांनीही एक दिवस सासूची तांब्याची घागर डोक्यावरून आणून अंगणात ठेवली.

“माय, ही बी तुमच्यातच टाका. माझ्या फोनात न्हाई बसत ते.”

टाकली. ॲप प्रत्येक वेळी विचारायचं, ही वस्तू तुमची स्वतःची आहे का. उज्वलाबाई ‘हो’ वर बोट ठेवायच्या. त्यांच्या मनात खोटेपणाचा लवलेशही नव्हता. लग्नकार्यात कुणाचं पातेलं कुणाच्या चुलीवर चढलं हे गल्लीने कधी विचारलं होतं का? आणि विकून देण्याबद्दल त्या कुणाकडून चहासुद्धा घेत नसत.

असं करता करता शेहेचाळीस भांडी झाली. आणि मग तो संशय आला.

*

भांड्यांशी उज्वलाबाईंचं नातं लग्नापासूनचं नाही, त्याच्या बरंच आधीचं आहे.

निलंग्याच्या पेठेत त्यांच्या वडिलांचं, माणिकप्पांचं, भांड्यांचं दुकान होतं. दुकान लांबट, पुढे गादी, मागे अंधारी खोली, आणि वर बांबूला टांगलेले गडवे. वारा आला की ते एकमेकांना लागायचे आणि पेठेत कळायचं, माणिकप्पांचं दुकान उघडं आहे. तिथून भांडं बिननावाचं बाहेर पडत नसे. लग्नाचा आहेर असो, वास्तुशांत असो, देणाऱ्याचं नाव घालून द्यायचं, आणि त्याचं वेगळं काही घ्यायचं नाही.

नावं घालायला मडिवाळप्पा होते. हात असा, की ठिपक्याला ठिपका भिडायचा. पण त्यांना वाचता येत नव्हतं. कुणीतरी खडूने भांड्यावर अक्षरं काढून द्यायची आणि मडिवाळप्पांनी त्यावरून छिन्नी चालवायची, अशी पद्धत. ते कुणीतरी म्हणजे दहा वर्षांची उज्वला. शाळा सुटली की दप्तर गादीखाली सारायचं आणि खडू घ्यायचा. तिच्या ‘ल’ला एक लांब शेपूट असायचं. गुरुजींनी त्यावर छड्या मारल्या, पण मडिवाळप्पांना ते शेपूट आवडायचं, म्हणायचे, पोरीचा ‘ल’ म्हणजे वासराची शेपटी. एका लग्नसराईत त्यांचे डोळे आले. समोर सतरा भांडी आणि दारात बैलगाडी. उज्वलाने छिन्नी घेतली. माणिकप्पा गादीवरून बघत होते, नको म्हणाले नाहीत. सतरा भांडी तिने एकटीने उरकली. गिऱ्हाईक नावं वाचून म्हणालं, अप्पा, मडिवाळप्पाचा हात सुधारला.

ते साल बासष्ट. त्या दिवसासारखा दिवस आपल्याला पुन्हा आला नाही, असं उज्वलाबाई अजूनही म्हणतात. आणि त्या उगाच काही म्हणत नाहीत.

चौदावं लागलं आणि अज्जीने फर्मान काढलं. सोयरिकीची पोर गादीजवळ दिसली तर लोक काय म्हणतील? माणिकप्पा आईपुढे बोलले नाहीत. त्यांनी उज्वलाला मागच्या खोलीत बसवलं. भांडी आत यायची, नावं घेऊन बाहेर जायची. मडिवाळप्पा थकले, गेले, तरी नावं तशीच सुबक येत राहिली. ती कोण घालतं हे निलंग्यात कुणी विचारलं नाही.

ती लातूरला कॉलेजात गेली ती कॉमर्स घेऊनच. मनात हिशेब साधा: शंकरप्पा, धाकटा भाऊ, दहावी दोनदा नापास, आपण बी.कॉम., अप्पा काही आंधळे नाहीत. माणिकप्पा खरंच आंधळे नव्हते. त्यांनी मुलीची गुणपत्रिका गादीसमोरच्या काचेखाली ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली, आणि गादीवर शंकरप्पाला बसवलं. शंकरप्पाने वीस वर्षांत दुकान बसवलं, म्हणजे बुडवलं. आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

चौऱ्याहत्तर साली उज्वलाचं लग्न झालं, नांदेडच्या मास्तरांशी. आहेराच्या सगळ्या भांड्यांवर नावं तिनेच घातली, म्हणजे आपल्याच लग्नाची. फक्त वडिलांनी दिलेली पितळी परात तेवढी कोरी. अप्पांना विचारलं तर म्हणाले, आपल्या दुकानाच्या मालावर आपलं नाव कशाला? तिला ते लागलं. सासरी भांडी लावताना नणंद परात उलटीसुलटी करून म्हणाली, ही कुणाचीच न्हाई वाटतं. तेही लागलं.

पंचाक्षरी सर माणूस म्हणून चोख होते. चौकशी केली असती तर हजार लोकांनी चांगलंच सांगितलं असतं. पण शहाऐंशी साली उज्वलाबाईंनी लातूरहून स्टीलची भांडी आणून भिशीतल्या बायकांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सर शाळेतून आले, ओळीने मांडलेली पातेली पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “मास्तरच्या घरात दुकान नको.”

दुसऱ्या दिवशी भांडी लातूरला परत गेली. त्यावर भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. विषय संपला. असे संपलेले विषय किती दिवस टिकतात हे ज्याचं त्याला ठाऊक.

*

रविवारी हरिओम लातूरहून आला. खास त्यासाठी आला, हे मान्य केलं पाहिजे. निरोप वाचून त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि सरळ प्रश्न टाकला, “आई, तू दुकानदार आहेस का?”

“तुला काय वाटतं?”

“नाहीस. मास्तरांची बायको आहेस, प्राध्यापकाची आई आहेस. मग तसं लिहू.”

त्याने लॅपटॉप उघडला आणि सरकारी मराठीत सुरुवात केली, सदर वस्तू माझ्या वैयक्तिक मालकीच्या असून वगैरे. पण ॲपवाल्यांनी आणखी एक विचारलं होतं. प्रत्येक भांड्यावर वेगळं नाव आहे, म्हणजे ती वेगवेगळ्या घरांतून विकत घेतलेली दिसतात, तर प्रत्येक भांडं आपल्याकडे कसं आलं ते लिहावं. तेव्हा हरिओम टाइप करायला बसला आणि उज्वलाबाई फोनमधले फोटो बघत सांगू लागल्या.

घंगाळ गुरुबसव्वांचं. त्या भालकीहून आल्या, नाव कानडीतच हवं म्हणून हटून बसल्या. उज्वलाला कानडी येत नव्हतं, तिने चिठ्ठीवरून चित्र काढावं तशी अक्षरं काढली. वीस वर्षांनी एका पाहुणीने सांगितलं, एक अक्षर उलटं आहे. बंब पेठेतल्या अकरा घरांनी मिळून दिलेला. अकरा नावं बंबाभोवती गोल फिरतात, कारण पहिलं कुणाचं यावर वाद झाला होता आणि गोलाला सुरुवात नसते. तो तोडगा माणिकप्पांचा. डबा सहावीच्या बाईंचा. त्या बालविधवा, पगारातून बाजूला टाकून डबा घेतला आणि नावाआधी ‘सौ.’ नको, ‘श्रीमती’ही नको, नुसतं नाव घाल म्हणाल्या. गडवा मडिवाळप्पांच्या बायकोचा. त्यावरचं नाव घालायला उज्वलाला दुप्पट वेळ लागला, कारण छिन्नी धरायला ती त्याच घराकडून शिकली होती.

हरिओम सुरुवातीला घड्याळ बघत होता. दहाव्या भांड्यानंतर बघायचा थांबला. ही कोण, ते कोण, त्यांचं पुढे काय झालं, असं विचारू लागला. यातलं निम्मं त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ती भांडी लहानपणापासून पाहिली होती, त्यांतल्या पाण्याने आंघोळ केली होती, पण वाचली कधी नव्हती. जेवायची वेळ टळून गेली. एकतिसावं भांडं झालं आणि उज्वलाबाई त्याच सुरात म्हणाल्या, “बत्तिसावी घागर. चतुराबाईच्या सासूची.”

हरिओमची बोटं थांबली. “हे न्हाई लिहायचं.”

“का? तिच्या सासूचीच आहे.”

“आई, पुढची पंधराही लोकांची आहेत?”

“गल्लीची आहेत.”

“मग संपलंच की. तू दुसऱ्याचा माल विकून राहिलीस. त्यांचा संशय खरा आहे.” तो उठून उभा राहिला. “आपण लिहू की सगळी आपलीच. कोण बघायला येणार आहे?”

उज्वलाबाईंनी चष्मा काढला. “गणिताच्या मास्तरांचा मुलगा आहेस. एकतीस आणि पंधरा मिळून किती आपले होतात?”

यादी एकतिसावर थांबवून ती तशीच पाठवायची आणि बाकीच्यांबद्दल विचारतील तेव्हा बघू, असं ठरलं. हरिओम संध्याकाळच्या गाडीने गेला. जाताना एवढंच म्हणाला, की बाबा असते तर हे सगळं आवडलं नसतं. ते खरंच होतं. उज्वलाबाईंनी फाटक लावून घेतलं.

*

मंगळवारी ॲपच्या कचेरीतून फोन आला. मुलीने आपलं नाव मनस्विनी सांगितलं, आवाज विशी-पंचविशीचा, अदब चांगली. तिने यादी वाचली होती, फोटो समोर ठेवले होते आणि तिला काही केल्या मेळ लागत नव्हता.

“आजी, एकाही भांड्यावर तुमचं नाव नाही. मग ही तुमची कशी?”

“माझ्या लग्नात आली म्हणून माझी.”

“पण नाव तर दुसऱ्यांचं आहे.”

“नाव देणाऱ्याचं असतं, बाळ. घेणारीचं कशाला घालतील? ती तर घरातच आहे.”

 मग मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, “आमच्या आजीकडे पण आहे असं एक पातेलं. मला वाटायचं, कुणाचं तरी परत द्यायचं राहिलंय.”

उज्वलाबाई हसल्या. मुलगीही हसली. इथवर सगळं जमून आलं होतं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला. जाहिरातीत नाव घालून मिळेल असं लिहिता, त्याचे वेगळे पैसे घेता का?

“नाव घालायचे कुणी पैसे घेतं का? दुकानाची रीत आहे ती.”

“कुठल्या दुकानाची, आजी?”

तोंडातून गेलेलं उज्वलाबाईंनाही तेव्हाच ऐकू आलं. सावरून घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “होतं एक. निलंग्याला. माझ्या वडिलांचं.” आणि सुरुवात झालीच आहे तर म्हणून त्यांनी गल्लीच्या पंधरा भांड्यांचंही सांगून टाकलं, घागरीसकट.

मनस्विनी भली निघाली. तिने सांगितलं, की खोटं बोललेल्यांची खाती ती रोज बंद करते, खरं बोललेल्यांचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलेलं नाही. मग तिनेच वाट काढून दिली. आजींनी एवढं लिहून द्यावं, की यापुढे फक्त स्वतःच्या घरातलं विकीन, दुसऱ्या कुणाचं भांडं घेणार नाही, आणि नाव घालून देणार नाही. तेवढं लिहिलं की हिरवं ‘खासगी’ कायम. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. नाहीतर मग व्यावसायिकचा फॉर्म भरावा लागेल, नोंदणी, पाटी, सगळं.

“तो कशाला भरताय या वयात,” असं ती प्रेमाने म्हणाली. उज्वलाबाईंना तेवढंच एक आवडलं नाही.

हरिओमला कळवलं. त्याचा जीव भांड्यात पडला. लिहून दे आणि मोकळी हो, म्हणाला. सौदामिनीबाई म्हणाल्या, आमच्या समया परत द्या हवं तर, तुमच्या मागे लचांड नको. सगळे समजूतदार होते. दोन ओळी लिहायच्या होत्या. उज्वलाबाईंनी बुधवारी लिहिल्या नाहीत, गुरुवारी दुपारपर्यंतही नाहीत.

गुरुवारी दुपारी त्या ॲपवर व्यावसायिक विक्रेत्यांची भांडी बघत बसल्या. आपल्याला ज्यांच्या पंक्तीला बसवू पाहतात ते लोक तरी कसे आहेत, एवढ्याचसाठी. एकाच्या दुकानात शंभर कळशा, दुसऱ्याकडे डबेच डबे. हैदराबादच्या एका दुकानदाराने तांब्याच्या एका कळशीचा फोटो अगदी जवळून घेतला होता, जुनं कोरीव काम आहे हे दाखवायला. उज्वलाबाईंनी बोटांनी फोटो मोठा केला.

निलंगा. ‘ल’ला वासराची शेपटी.

दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हाताची अक्षरं, साठ वर्षं पाण्याने भरून, रिकामी होऊन, घासून घासून बोथट झालेली, पण ओळ सरळ. कुण्या शिवकांताबाईंनी कुण्या भाचीला दिलेली कळशी. ही नक्की आठवेना. आठवणार तरी कशी, किती घातली असतील. अख्ख्या तालुक्यात, घराघरात, न्हाणीत आणि देवळीत त्यांचा हात पसरलेला होता आणि कुणालाच ठाऊक नव्हता. खाली दुकानदाराने लिहिलं होतं, कारागीर अज्ञात.

उज्वलाबाईंनी ते दोनदा वाचलं. रडल्या नाहीत. उठून पाणी प्यायल्या.

चारला चतुराबाई आल्या. उज्वलाबाईंनी त्यांना सरळ सांगितलं, की घागर कदाचित परत न्यावी लागेल, ॲपवाले म्हणतात आपण दुकान आहोत का घर ते एक काय ते सांगा.

चतुराबाई राखेने कढई घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग दुकानच सांगा की, माय. आमाला तर ते दुकानच वाटतंय. घरी बी मी तसंच सांगून येते, दुकानावर चाललेय म्हनून.”

“कधीपासून?”

“लई दिस झाले. नातसून इचारती, कशाचं दुकान? म्हनलं, भांड्याचं. मालकीण सोता नावं घालती.”

उज्वलाबाईंनी तिथेच, ओट्याला टेकून, लातूरला फोन लावला.

“हरिओम, रविवारी तू विचारलंस मी दुकानदार आहे का. आहे.”

 तो म्हणाला, आई, तुझं वय काय, हे झेपणार आहे का, लोक माल परत पाठवतील, नोंदणीचे कागद, कोण धावपळ करणार.

“फॉर्ममध्ये वयाचा रकाना नाही. मी पाहिलं. आणि माल अप्पा वर्षाने आणला तरी परत घ्यायचे, सात दिवसांचं काय घेऊन बसलास?”

“आणि बाबा?”

“बाबांनी पस्तीस वर्षं मास्तरकी केली, मी कधी आड आले नाही.” पुढचं त्या जरा सावकाश बोलल्या. “एवढी वर्षं मी मागच्या खोलीत बसून नावं घातली, बाळा. आता पुढे बसते.”

हरिओमने कागदांची यादी मागितली. म्हणजे रुसला होता, पण पाठवतो म्हणाला.

फॉर्म भरायला शुक्रवारची सकाळ गेली. व्यवसाय सुरू झाल्याचं वर्ष, या रकान्यात उज्वलाबाईंनी जरासाही विचार न करता १९६२ घातलं. दुकानाचं नाव घातलं. पत्ता घराचाच. शेवटी पाटीचा फोटो. पाटी कुठून आणायची? रंगारी आज बोलावला तर सोमवारी उगवेल, आणि मुदत आजची.

त्यांनी माळ्यावरून परात काढली. कोरी परात, अप्पांनी दिलेली, नणंदेच्या मते कुणाचीच नसलेली, जी त्यांनी यादीत घेतली नव्हती, कारण त्यावर सांगण्यासारखं नाव नव्हतं आणि ती विकायचीही नव्हती. चतुराबाईंनी ती चिंचेने घासली. अंगणात पाटावर परात उपडी ठेवून उज्वलाबाईंनी आधी खडूने अक्षरं काढली, मग छिन्नी धरली. ठक्, ठक्, ठक्. गल्लीतली दारं एकेक उघडली. दीड तास लागला. पूर्वी अर्ध्या तासात झालं असतं, पण तक्रार नाही.

उज्वला माणिकप्पा भांडी भांडार. खाली, बारीक ठिपक्यांत: नाव घालून मिळेल.

फाटकाला तारेने परात बांधली. सौदामिनीबाई रस्ता ओलांडून आल्या, चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं.

“उज्वलाताई, सरांचं नाव कुठं दिसत न्हाई ते?”

“सरांना घरात दुकान नको होतं. त्यांच्या मनाविरुद्ध त्यांचं नाव कसं घालू?”

सौदामिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. चतुराबाई मोकळेपणाने हसल्या.

फोटो गेला. तासाभराने मनस्विनीचं उत्तर आलं. आधी नियमाप्रमाणे दोन ओळी, आणि मग: आजी, पाटी फार चमकतेय, अक्षरं दिसत नाहीत, ऊन उतरल्यावर पुन्हा काढून पाठवा, मी सहापर्यंत आहे.

उज्वलाबाईंनी खुर्ची आणून फाटकाशी मांडली आणि ऊन उतरायची वाट बघत परातीसमोर बसल्या. वाऱ्याने परात फाटकाला लागून हलकेच वाजत होती. कुणी रस्त्याने जाता जाता थांबून विचारलंच, तर दुकान उघडं होतं.